तिसऱ्यांदा घसरल्यावर: केंद्र की एए?

दारू सुटून पुन्हा लागली, तीही दोन-तीनदा, की घरात एकच वाद: आता परत व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करायचं की एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या गटाच्या, मीटिंगला पाठवायचं?

सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत सांडत असेल, तर वाद घालूच नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. इथे डॉक्टर हवेत. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात शरीर ताळ्यावर येतं, समुपदेशन होतं, घरच्यांनाही बोलावतात. अडचण एकच, सुट्टी काढावी लागते. आणि आत दारू नसतेच. खरी परीक्षा गेटबाहेर, पगाराच्या संध्याकाळी.

एए नेमकी त्या संध्याकाळसाठी आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेली ही चळवळ. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच मागतात. पुन्हा प्यायलात? परत या, खुर्ची असतेच. बायकोला दिलेली शपथ मोडल्यावर घरी तोंड दाखवायची लाज वाटते, तेव्हा ही खुर्ची फार मोठी वाटते. ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो, पण तो ‘आपल्या समजुतीप्रमाणे’ घ्यायचा असतो. औषधोपचार मात्र तिथे मिळत नाहीत.

माझं मत विचाराल तर हात थरथरत असतील तर आधी केंद्र, आणि डिस्चार्जच्याच संध्याकाळी पहिली मीटिंग. मधे आठवडा जाऊ देऊ नका.