रेझर, वॅक्स की ट्रिमर? जांघेपाशी काय नडतं

बिकिनी मी आयुष्यात घातलेली नाही. आमच्या तलावावर बायकांच्या बॅचला गुडघ्यापर्यंतचा ड्रेस असतो, त्यात काही दिसायचा प्रश्नच येत नाही. तरी पार्लरच्या दरपत्रकात जांघेपाशीच्या भागाला ‘बिकिनी’च म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. एक आधीच सांगते: हे केस काढायलाच हवेत असं मुळीच नाही. माझ्या गायनॅक बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की केस म्हणजे अस्वच्छता नव्हे, उलट कातडीला कातडी घासते तिथे ते मधे असलेले बरे. मला मात्र ते नको वाटतात, पाळीच्या दिवसांत तर फारच. मग कशाने काढायचे, एवढाच प्रश्न उरतो. गेल्या बारा-तेरा वर्षांत मी सगळं करून पाहिलंय.

रेझरबद्दल पहिल्या दिवशी कुणाचीच तक्रार नसते. ती तिसऱ्या दिवशी सुरू होते. खुंट उगवतात, चड्डीचं इलॅस्टिक त्यांच्यावर घासतं आणि ऑफिसात चार माणसांत बसल्या बसल्या अशी खाज सुटते की काही विचारू नका. केस पुन्हा जाड येतात म्हणतात, ते खरं नाही. निमुळतं टोक कापलं जातं आणि उरलेला बुंधा हाताला राठ लागतो, इतकंच. खरी भानगड वेगळी आहे. दोन-तीन पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस किंचित ओढून धरतं आणि पुढचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. म्हणून तर इतकं गुळगुळीत वाटतं! पण हे केस कुरळे. खाली कापलेलं टोक वर यायच्या ऐवजी आडवं घुसतं आणि आतच वाढतं.

तरी रेझरच वापरायचा असेल, तर आधी कात्रीने केस बारीक करून घ्यावेत, कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर जेल लावावं आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने फिरवावा. त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा नाही. साबणाच्या फेसावर भागवू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा रेझर घेऊ नका. नंतर गार पाण्याचा कपडा ठेवावा आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं. तुरटी, डिओ असलं काही तिथे नको. मी एकदा तुरटी फिरवली होती. एकदाच.

केस काढायच्या क्रीमवर फार वेळ घालवत नाही. ते केसातलं केराटिन नावाचं प्रथिन विरघळवतं, आणि केराटिन कातडीतही असतं. शिवाय आपली कातडी किंचित आम्लधर्मी, तर हे क्रीम चांगलंच अल्कधर्मी. बाहेरच्या कडेला, आधी थोडंसं लावून एक दिवस वाट पाहून आणि घड्याळ समोर ठेवून वापरलं तर काहींना छान चालतं म्हणे. आतल्या नाजूक भागाला ते लावायचंच नसतं. माझ्या मांडीच्या कडेला दोन मिनिटं जास्त राहिलं आणि आठवडाभर मी सलवारीशिवाय काही घातलं नाही.

वॅक्सला नावं ठेवायला मला जड जातं, कारण त्यानंतरचे तीन आठवडे खरंच सुखाचे असतात. केस तांदळाच्या दाण्याएवढा तरी वाढलेला लागतो, नाहीतर तो मुळातून न निघता मधेच तुटतो. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस टाळावेत, तेव्हा मला तरी दुप्पट दुखतं. पिंपल्ससाठी रेटिनॉइडचं क्रीम किंवा गोळ्या चालू असतील तर वॅक्स नकोच, पट्टीबरोबर कातडीही सोलून येते. आणि पार्लरमध्ये अंगाला लावलेली काडी परत त्याच भांड्यात बुडवताना दिसली, तर ‘ताई, राहू दे’ म्हणून सरळ उठून यावं.

माझं वॅक्स सुटलं ते एका केसतोडीमुळे.

डाव्या बाजूला, बरोबर इलॅस्टिक बसतं तिथे, आधी मुगाएवढी कडक गाठ आली. निरखून पाहिलं तर कातडीखाली काळा केस गोल वळलेला स्पष्ट दिसत होता. मी केली ती चूक सगळ्याच करतात: चिमटा घेऊन बसले. दोन दिवसांनी मूग वाटाण्याएवढा झाला, स्कूटरवर बसताना पाय आपोआप फाकायला लागले आणि शेवटी डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. न टोकरता गरम पाण्याच्या कपड्याने दिवसातून तीन-चारदा शेकलं असतं, तर कदाचित आपसूक निवळली असती. केसतोड आठवड्यात गेली, पण आपल्या सावळ्या कातडीवर तिचा काळा डाग आठ महिने राहिला. नंतर दर दोन-तीन वॅक्सिंगमागे एखादी असायचीच. दुखण्याला माझी हरकत नव्हती हो. पण तीन आठवड्यांच्या सुखानंतर ही वसुली मला परवडेना.

ट्रिमर माझ्या डोक्यात शिरला तो हॉस्पिटलमध्ये. माझ्या सिझेरियनच्या वेळी, २०१२ मध्ये, आयाबाईंनी खसाखसा रेझर फिरवला होता. टाक्यांपेक्षा ती आगच मला जास्त आठवते. २०१९ मध्ये बहिणीचं सिझेरियन झालं, तिथल्या नर्सने क्लिपर काढला, म्हणजे ट्रिमरसारखंच मशीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की ऑपरेशनआधी केस काढूच नयेत, काढायचेच असतील तर फक्त क्लिपरने. रेझरने बारीक बारीक चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. मला वाटलं, ऑपरेशनच्या टेबलावर जे चालत नाही ते मी बाथरूममध्ये घाईघाईत का करतेय?

ट्रिमर गुळगुळीत करत नाही, हे आधीच मान्य करा. तीन मिलिमीटरचं गार्ड, म्हणजे पात्यावरचा कंगवा, लावलं की तेवढे केस राहतात. पण केस कातडीच्या वरच राहतो, त्यामुळे आत घुसायचा संभव फारच कमी. मला तरी चार वर्षांत एकही केसतोड आलेली नाही. केस कोरडे असताना, जुना पेपर पसरून, सैल कातडी एका हाताने ताणून धरायची. गार्ड काढून वापरायचा मोह आवरा, चिमटा बसतो. दहा-बारा दिवसांनी पुन्हा करावं लागतं, हा कंटाळा आहेच. ज्यांना अगदी मऊ हवं त्यांचं यात समाधान होणार नाही. त्यांनी चांगली पार्लरवाली शोधावी किंवा लेझरचा विचार करावा. लेझरला सहा-आठ तरी बैठका लागतात, आणि सावळ्या कातडीवर भाजण्याचा धोका असतो म्हणून तो त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावा.

पावसाळ्यात जांघेत खाज आली की प्रत्येक वेळी दोष रेझरचा नसतो. गोल, कडेने लाल होत पसरणारा चट्टा असेल तर तो नायटा. केमिस्टकडून आणलेल्या स्टेरॉइडवाल्या क्रीमने तो चार दिवस दबतो आणि मग दुप्पट पसरतो. तो बरा होईपर्यंत तिथे कसलंच पातं लावू नका. मधुमेह असेल, किंवा गाठीबरोबर ताप असेल, तर घरी शेकत बसू नका.

ट्रिमर मला दीड हजाराच्या आत मिळाला. त्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, कारण नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर दिसायला हुबेहूब तसाच आहे. ठिपका पहिल्या दिवसापासून नव्हता. एका सकाळी लग्नाला निघायच्या घाईत त्याने आरशासमोर उभं राहून विचारलं, ‘अगं, हा माझाच ना?’ त्यानंतर दिलाय.