शॉर्ट सर्व्हिसची वर्षं कुठे, किती धरली जातात: लष्करातल्या डॉक्टरांसाठी तुलना

इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस करून शॉर्ट सर्व्हिसवर (ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर) आर्मी मेडिकल कोअरमध्ये गेलेली आपली मुलं-मुली चौथ्या-पाचव्या वर्षी एकाच पेचात सापडतात. परमनंट कमिशनसाठी (लष्करातल्या पक्क्या नेमणुकीसाठी) अर्ज करायचा, मुदत वाढवून घ्यायची, की बाहेर पडून केंद्राची नाहीतर राज्याची नोकरी धरायची? हातात येणाऱ्या पगाराचा हिशेब सगळेच मांडतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो वर्षांचा हिशेब. गणवेशात काढलेली वर्षं पुढच्या ठिकाणी हुद्द्यात धरली जातात की फक्त पगारात, की कुठेच नाही, यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं ठरतात.

माझं मत आधीच सांगतो. हुद्दा आणि ज्येष्ठता ही गणवेशातली कमाई आहे, आणि ती पूर्ण वसूल होते ती गणवेशातच. बाहेर पडलात तर तिचे पैसे होतात, तेही बेताचेच.

आधी मुदतींचं पाहू. शॉर्ट सर्व्हिस एकूण १४ वर्षांची असते. पहिली ५ वर्षं, मग ५ वर्षांची वाढ, त्यानंतर ४ वर्षांची. रुजू होतानाच कॅप्टनचा हुद्दा मिळतो. पीजी करून आलेल्यांना ज्येष्ठतेसाठी थोडी मागची तारीखही लावून मिळते. परमनंट कमिशनचा अर्ज २ वर्षं पुरी झाल्यावर आणि साडेनऊ वर्षं भरायच्या आत करावा लागतो. वयाच्या आणि पात्रतेच्या अटी त्याखेरीज असतात. हे साडेनऊ वर्षांचं दार फार जण विसरतात. पहिली मुदतवाढ आपसूक मिळाल्यासारखी वाटते, पोस्टिंगं होत राहतात, मुलं शाळेत जायला लागतात, आणि अर्ज करायची वेळ निघून गेलेली असते.

आता परमनंट कमिशन. शॉर्ट सर्व्हिसमधून पक्कं होताना तुम्ही नव्याने रुजू होत नाही. आहे तो हुद्दा आणि आहे ती ज्येष्ठता घेऊनच पुढे जाता. कागदावर दिसणारा बदल म्हणजे नंबर. शॉर्ट सर्व्हिसच्या डॉक्टरांचा नंबर ‘एमएस’ने सुरू होतो, पक्क्यांचा ‘एमआर’ने. बाकी वर्षं तीच, आणि पेन्शनसाठीही तीच धरली जातात. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण २० वर्षांची सेवा लागते, म्हणजे पाचव्या वर्षी पक्कं झालेल्याला आणखी १५ वर्षं. वरचे हुद्दे निवड मंडळाकडून मिळतात, तो रस्ताही पक्क्या कमिशनवाल्यांचाच. ज्याला मोठ्या हॉस्पिटलचा कमांडंट व्हायचं आहे, त्याने बाकीची तुलना वाचायचीही गरज नाही.

तारखेला इतकं महत्त्व का, ते एका खटल्यातून कळतं. आर्मी डेंटल कोअरच्या एका महिला अधिकाऱ्याची परमनंट कमिशनची तिसरी संधी २०१३च्या नियमबदलामुळे हुकली. तिच्यासारख्याच इतर अधिकाऱ्यांना लष्करी न्यायाधिकरणाकडून दिलासा मिळाला होता, पण ती त्या दाव्यात सामील नव्हती. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला परमनंट कमिशन द्यायला सांगितलं, तेही इतरांना ज्या तारखेपासून मिळालं त्याच तारखेपासून. ज्येष्ठता, बढती आणि थकबाकीसकट. न्याय मिळाला, पण दहा वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर. तुमच्या बाबतीत नियम ऐन वेळी बदलला तर अर्ज, पोच आणि नकाराचं पत्र या तीन कागदांवरच सगळं उभं राहील. जपून ठेवा.

नुसती मुदतवाढ घेत १४ वर्षं पुरी करणं मला सगळ्यात कमी पटतं. चौदाव्या वर्षी वय चाळिशीच्या आसपास असतं, पेन्शन नसते, मिळते ती ग्रॅच्युइटी. दर पुऱ्या सहामाहीला अर्ध्या महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, म्हणजे वर्षाला एका महिन्याची. चौदा वर्षांची साधारण चौदा महिन्यांची. रजेचे पैसे वेगळे. आणि बाहेरच्या सरकारी भरतीत वयाची अट तोंडावर आलेली असते. एकच परिस्थिती अशी आहे जिथे हा मार्ग शहाणपणाचा ठरतो: सेवेत असतानाच पीजी झालं असेल आणि बाहेर पडून स्वतःची प्रॅक्टिस किंवा खाजगी हॉस्पिटल हेच ठरलेलं असेल. इंदुरातल्या पलासिया किंवा विजयनगरच्या हॉस्पिटलांत चांगल्या सर्जनला कुणी सिनिऑरिटी विचारत नाही.

आता पाच वर्षांनी बाहेर पडून केंद्राची नोकरी. यूपीएससीच्या कंबाइंड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षेला शॉर्ट सर्व्हिसमध्ये किमान ५ वर्षं काढलेल्यांना वयात ५ वर्षांपर्यंत सूट आहे. ही सूट खरी, उपयोगाची. पगाराचाही फायदा होतो. शॉर्ट सर्व्हिस अधिकारी केंद्रीय नागरी सेवेत आला की लष्करातल्या जितक्या पूर्ण वर्षांत त्याचा मूळ पगार नव्या पदाच्या किमान पगाराइतका किंवा जास्त होता, तितक्या आगाऊ वेतनवाढी मिळू शकतात. बेरीज मात्र लष्करातल्या शेवटच्या मूळ पगारावर जाऊ शकत नाही.

आकड्यांत पाहू. मेडिकल ऑफिसरची सुरुवात वेतनश्रेणीच्या लेव्हल १०ला, ५६,१०० रुपये मूळ पगारावर. कॅप्टनची सुरुवातच ६१,३००वर असते, त्यामुळे पाचही वर्षं धरली जातात. पाच वेतनवाढी मोजत जा: ५७,८००, ५९,५००, ६१,३००, ६३,१००, ६५,०००. म्हणजे तुमच्याबरोबर रुजू झालेला नवखा डॉक्टर ५६,१००वर आणि तुम्ही ६५,०००वर. पण मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे गणवेशात असताना पगाराखेरीज दरमहा मिळणारे १५,५०० गेले, हेही लक्षात घ्या. आणि हे फिक्सेशन, म्हणजे नवा पगार ठरवून घेणं, बहुतेक वेळा आपसूक होत नाही. अर्ज करावा लागतो, सोबत शेवटच्या पगाराचा दाखला जोडावा लागतो, आणि हिशेब खात्यातल्या कारकुनाच्या मागे लागावं लागतं.

इथे मेख अशी आहे. त्या नवख्या डॉक्टरचा आणि तुमचा हुद्दा एकच. केंद्रीय आरोग्य सेवेत बढती वर्षांवर ठरलेली आहे: ४ वर्षांनी सीनियर मेडिकल ऑफिसर, मग ५ वर्षांनी चीफ मेडिकल ऑफिसर, आणखी ४ वर्षांनी त्याची वरची श्रेणी, आणि एकूण २० वर्षांनी सीनियर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रेड. हे घड्याळ त्या सेवेत रुजू झाल्या दिवशी शून्यापासून सुरू होतं. सियाचीनचा तळ असो की इंदूरजवळची महू छावणी, ती पाच वर्षं त्यात येत नाहीत. काल मेजर म्हणून ज्याच्या हाताखाली कॅप्टन होते, तो उद्या यादीत आपल्याहून लहान डॉक्टरच्या खाली बसतो. ज्यांना हे मनाला लागणार असेल त्यांनी आधीच प्रामाणिकपणे विचार करावा, कारण रुजू झाल्यावर याला इलाज नाही.

राज्याच्या सेवेत गणित आणखी कोरडं आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदुरातच, रेसिडेन्सी भागात, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत हा पर्याय जवळचा वाटतो. आई-वडिलांजवळ राहता येईल, रामबागेतलं घर बंद पडणार नाही, हे सगळं खरं. पण राज्यात थेट भरती झालेल्यांची ज्येष्ठता आयोगाच्या गुणवत्ता यादीतल्या क्रमाने लागते. तुमची पाच वर्षं त्या क्रमाला हात लावत नाहीत. वयाची सूट आणि पगाराचं फिक्सेशन राज्याच्या स्वतःच्या आदेशांवर चालतं. केंद्राचा नियम दाखवून तिथे काही मिळत नाही, म्हणून जाहिरातीतली माजी सैनिकांची अट शब्दन्‌शब्द वाचा.

"पण काकांना तर लष्कराची वर्षं सिनिऑरिटीत मिळाली होती," असं बऱ्याच घरांत ऐकू येतं. मिळाली असतील. २६ ऑक्टोबर १९६२ ते १० जानेवारी १९६८ या, चीन युद्धावेळी जाहीर झालेल्या आणीबाणीच्या काळात सैन्यात गेलेल्यांसाठी केंद्राने आणि अनेक राज्यांनी खास सवलती दिल्या होत्या, त्यांत ज्येष्ठतेचीही होती. देशावर संकट असताना शिक्षण आणि नोकरी सोडून गेलेल्यांसाठी ती होती. शांततेच्या काळात स्वखुशीने गेलेल्याला ती लागू होत नाही, आणि न्यायालयांनीही हा फरक उचलून धरला आहे. अमेरिकेत डॉक्टर अधिकाऱ्याला वैद्यकीय शिक्षणाची आणि आधीच्या कमिशन्ड सेवेची वर्षं सुरुवातीच्या हुद्द्यात धरून मिळतात. तो तिथला कायदा, इथे त्याचा दाखला चालत नाही.

पेन्शनचं एका वाक्यात: आज नव्याने नागरी सेवेत येणारा एनपीएसमध्ये (वर्गणीवर चालणाऱ्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत) जातो, केंद्रात १ एप्रिल २०२५पासून यूपीएसचा (एकीकृत पेन्शन योजनेचा) पर्याय आहे, आणि जुन्या पेन्शनची आशा धरून लष्कर सोडू नये. उपचारांची सोय मात्र आता सुटत नाही. मार्च २०१९मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांनाही ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, काही अटींवर खुली केली. 

बाहेर पडायचं ठरलंच, तर रिलीज ऑर्डर हातात घेऊन नीट वाचा. ‘ठरलेली मुदत पूर्ण झाल्यावर सेवामुक्त’ अशी नोंद आणि ग्रॅच्युइटी मिळाल्याचा कागद असेल तर तुम्ही माजी सैनिक. मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून निघालात तर तो दर्जा हातचा जाऊ शकतो, आणि त्याबरोबर वयाची सूटही. एखाद्या पीजीच्या जागेसाठी चार महिने आधी निघायची घाई करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आधी या ओळीचा विचार करा.

माझ्या घरातलं कुणी आज चौथ्या वर्षात असतं तर मी सांगितलं असतं: बदल्या सोसणार असशील तर आत्ताच परमनंट कमिशनचा अर्ज भर, साडेनऊची वाट पाहू नकोस. इंदूर सोडवत नसेल तर पाचव्या वर्षी मुदत पूर्ण करूनच नीघ, आणि कंबाइंड मेडिकलची तयारी आत्तापासून आहेस तिथेच सुरू कर. दोन्ही अर्ज एकाच वर्षी करता येतील असं वाटत असेल, तर बाहेरचा अर्ज भरण्याआधी युनिटमधून रीतसर परवानगी घे, आणि तिची एक प्रत घरी ठेव.