सीएसएमटीचं लाकडी मॉडेल: माल मस्त, माहितीपत्रक फारच तोकडं

सांगलीत हरभट रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून मुलीसाठी सीएसएमटी स्टेशनचं लेझर कट मॉडेल आणलं, एमडीएफचे (दाबून बनवलेल्या लाकडी फळीचे) तुकडे एकमेकांत बसवायचे, आणि आधीच सांगतो, मॉडेल एक नंबर आहे. कडा जळक्या असल्यानं बोटं काळी होतात, त्यामुळं आधी बारीक पॉलिश पेपर फिरवून घ्या आणि घुमटाला फेव्हिकॉल लावाच, नाहीतर फासळ्या एका बाजूनं बसवेपर्यंत दुसरीकडून सुटतात.

घुमट मात्र लय भारी जमलाय. खऱ्या घुमटासारखाच अष्टकोनी, वर प्रगतीचं प्रतीक असलेली मूर्ती, तिच्या उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक, एवढ्याशा तुकड्यात चाकाच्या आऱ्यासुद्धा दिसतात. गेटवरचा सिंह आणि वाघ मात्र एकाच साच्यातून कापलेत, हे काही पटलं नाही बुवा. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा, दोघं वेगळे दिसायलाच पाहिजेत ना.

खरी तक्रार माहितीपत्रकाची. 'आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स', बास, संपलं! अरे, हा माणूस १८६७ ला भारतातल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आला, आधी मुंबईत खलाशांचं सेलर्स होम बांधलं (तिथं आता पोलीस महासंचालकांचं ऑफिस आहे), मग हे स्टेशन मिळालं तर युरोपातली स्टेशनं बघून आला आणि १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं याच कामाला लागली. कोरीवकामाला जेजे स्कूल ऑफ आर्टची पोरं होती, त्यांचा तर उल्लेखच नाही. समोरची महापालिकेची इमारत त्याचीच, चर्चगेटचं रेल्वे ऑफिस पण त्याचंच, आणि १९०० ला मुंबईतच गेला. आपण सांगलीकर महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी इथं उतरतो आणि लोकल पकडायच्या नादात वर बघतच नाही, म्हणून तर हे सगळं लिहिलेलं पाहिजे होतं.

दुकानाची सर्व्हिस चांगली. खिडक्यांची एक पट्टी तुटकी निघाली तर मालकांनी काही न विचारता दुसरा बॉक्स फोडून पट्टी काढून दिली. दहा वर्षांच्या वरच्या मुलांना जमेल, लहान असतील तर शेजारी बसावं लागेल. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो माहितीपत्रकासाठी.