रात्री नऊ वाजता कोकणात ऊन

जून लागला की वडिलांचं निम्मं लक्ष आभाळाकडे असतं. चिपळूणला ते एकटेच राहतात. त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर उपग्रहाने टिपलेला पृथ्वीचा ताजा फोटो आपोआप येत राहावा, ढग सरकताना दिसावेत, म्हणून मी शोध घेतला आणि सगळ्यात वर दिसलेल्या जाहिरातीतूनच प्रोग्राम उतरवला.

सात दिवस मोफत, खातं तपासण्यापुरता १ रुपया, असं लिहिलं होतं. मी यूपीआय पिन टाकला. ती खरं तर ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापू देण्याची, मंजुरी होती: दरमहा, कमाल १,४९९ रुपये. पिनच्या आधीच्या पानावर ही रक्कम दिसते. मी ती वाचली नाही, चूक माझीच.

आठव्या दिवशी पैसे गेले. ते कळायच्या आत, रात्री नऊला वडिलांचा फोन आला. "अरे, इथे धो धो कोसळतोय आणि तुझ्या फोटोत कोकणावर लख्ख ऊन. रात्री ऊन कुठनं आलं?"

तिथेच खोटं उघडं पडलं. फोटो हिमावारी या जपानी उपग्रहाचे म्हणून सांगितले होते. तो दर १० मिनिटांनी पृथ्वी टिपतो, पण रंगीत फोटोत आपल्याकडे रात्र असली की भारत काळोखातच असायला हवा. आम्हाला जुनेच फोटो आलटून पालटून दाखवले जात होते. असा कुठलाही 'लाइव्ह' प्रोग्राम घेतलात तर एकदा रात्री जरूर बघा.

त्याच रात्री प्रोग्राम काढून टाकला आणि निर्धास्त झालो. जुलैत पुन्हा १,४९९ गेले! प्रोग्राम काढला तरी ऑटोपेची मंजुरी जिवंत राहते. ती यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी पिन लागत नाही. आदल्या दिवशी मेसेज येतो, माझा जाहिरातींच्या गर्दीत बुडाला होता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेतही अर्ज दिला. पिन तुम्हीच टाकलात, असं बँकेचं म्हणणं. २,९९८ रुपये अजून परत आलेले नाहीत.

जीव जळतो तो याने की हे सगळं फुकट मिळतं. हिमावारीचे खरे फोटो जपानच्या सरकारी संकेतस्थळांवर खुले आहेत, नासा १९९५ पासून रोज एक खगोलचित्र देते, रोज नवं चित्र लावणारं बिंग वॉलपेपरही मोफत आहे. वडील आता हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटचं चित्र स्वतःच उघडून बघतात. ऑगस्टमध्ये पैसे गेले नाहीत. ऑटोपेच्या यादीत 'रद्द' असं दिसतंय, ते मी दोनदा पाहून घेतलं.