भिवंडीच्या गोदामात हंगामी माणसं: अ‍ॅपवरून मागवल्याला नऊ महिने झाले

भिवंडीजवळच्या वळ गावात आमचं तयार कपड्यांचं गोदाम आहे. कायमची ३५ माणसं, सणासुदीला जवळपास तेवढीच हंगामी. पूर्वी रात्री ठेकेदाराला फोन केला की सकाळी टेम्पो भरून माणसं यायची. गेल्या जूनपासून एका एजन्सीच्या अ‍ॅपवर मागणी टाकतो.

हजेरीची भांडणं संपली, हे मान्य करायला हवं. चेहरा दाखवून हजेरी लागते, त्यामुळे महिनाअखेरीला ‘माझे दोन दिवस कुठे गेले’ हा तमाशा नाही. पीएफ-ईएसआय (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा) भरल्याचं चलनही दिसतं. ते मी स्वतः उघडून बघतो; ठेकेदाराने, म्हणजे आता एजन्सीने, पगार बुडवला तर कायद्याने तो आपल्याच गळ्यात पडतो.

पण अ‍ॅप नुसती डोकी मोजतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ४० मागितली, रात्री अ‍ॅपवर ४० हिरव्या खुणा, म्हणजे सगळी येणार. सकाळी सातला गेटवर २९. त्यातली ११ गोदामात पहिल्यांदाच पाऊल टाकणारी. एक पोरगा स्कॅनर उलटा धरून खोक्यावर दाबत होता. तिघं चपलेवर, त्यांना रॅकमध्ये सोडणार कसं? प्रत्येक नव्याला जुना जोडीदार दिला, तर जुन्याचाही वेग गेला. साडेअकरापर्यंत डॉकवर दोन गाड्या तशाच उभ्या. एजन्सी म्हणे, ‘बदली पाठवतोय.’ बदली आली ती जेवणाच्या सुट्टीत.

चूक माझीही होती. आमची निम्मी माणसं बिहार-पूर्वांचलची. दिवाळीपाठोपाठ छठ, ती गावी जाणारच. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२०), म्हणजे कोण कधी जाणार हे दोन महिने आधीच ठरलेलं असतं. आपण विचारत नाही, एवढंच. आता मुकादम चहाच्या वेळी विचारतो, ‘टिकट निकाला क्या?’ आणि तारीख वहीत जाते. अ‍ॅपमध्ये तिला जागाच नाही. होळीला या वहीवरून २२ च्या गरजेला २८ मागितली. २४ आली, काम निभावलं.

गाडी भरणं-उतरवणं मात्र अ‍ॅपवर टाकायला जाऊ नका. आमच्याकडे ते माथाडी (हमाल) मंडळाच्या टोळीचं काम, १९६९ चा कायदा आहे. एजन्सीचा सेल्सवाला याबद्दल चकार शब्द काढत नाही.

करार वाढवलाय, पण पिकिंगला (रॅकमधून माल काढायला) २० माणसं नावानिशी तीच हवीत या अटीवर. पहिल्या आठवड्यात १६ तीच आली.