यूएसजीएसची ज्वालामुखी मेल सेवा: फुकट आहे, फक्त टिक जपून करा

यूएसजीएस म्हणजे अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खातं, ते ज्वालामुखींच्या हालचालींचे मेल पाठवतं. मी ही सेवा वर्षभर वापरतेय म्हणून लिहितेय. आधी माझ्या फोनवर एक अलर्ट ॲप होतं, नाव घेत नाही, त्याने एकदा रात्री दोनला सायरन वाजवून "ज्वालामुखी फुटला" म्हणून उठवलं आणि बघते तर हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीचा नेहमीचा रोजचा अपडेट! त्याच रात्री ॲप उडवलं आणि म्हटलं मूळ जिथून बातमी येते तिथूनच घेऊ.

साइनअप दोन मिनिटांचं काम. पण मी हौसेने सगळेच ज्वालामुखी निवडले, अमेरिकेत ते दीडशेच्या वर आहेत, त्यात अलास्काचे तर ढिगाने, मग इनबॉक्सचं काय झालं ते सांगायला नको. आता किलाउएआ आणि वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स एवढेच ठेवलेत.

किलाउएआचा मेल खरंच वाचण्यासारखा असतो. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या उद्रेकात लाव्हाची कारंजी थांबून थांबून उडायची, काही तर ३०० मीटरच्या वर गेली. मधल्या शांत दिवसांत खाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, भरत जातो आणि डोंगराचा माथा फुगतो, ते टिल्टमीटर (जमिनीचा कल मोजणारं यंत्र) मायक्रोरेडियनमध्ये मोजतो. एक मायक्रोरेडियन म्हणजे एक किलोमीटर लांब दांड्याचं टोक एक मिलिमीटर उचलल्यावर येईल तेवढा कल, बास! कारंजं सुरू झालं की आलेख धाडकन खाली, मग परत चढायला लागतो आणि तो किती चढलाय त्यावरून पुढचं कारंजं साधारण कधी ते सांगतात. दोनतीन वेळा वाचलं की आपणच आलेख बघून अंदाज बांधायला लागतो, मजा येते.

सुरुवातीला गोंधळ होतो तो दोन पट्ट्यांचा. जमिनीवरच्या लोकांसाठी नॉर्मल, ॲडव्हायझरी, वॉच, वॉर्निंग आणि विमानांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. दोन्ही बहुतेकदा जोडीने चढतात, पण लाव्हा घरांकडे निघाला आणि राख फारशी नसली तर खाली वॉर्निंग आणि वर नारिंगीच, असंही होतं. विमानांचा वेगळा रंग उगाच नाहीये, १९८९ मध्ये अलास्काच्या रिडाउटच्या राखेत केएलएम या डच विमान कंपनीच्या जंबो जेटची चारही इंजिनं बंद पडली होती, नशिबाने परत सुरू झाली.

आणि एक, तिथे राहणाऱ्यांनी फक्त या मेलवर विसंबू नये. डोंगर काय करतोय ते यूएसजीएस सांगतं, घर सोडा हे सांगणं स्थानिक सिव्हिल डिफेन्सचं काम, त्यांचे अलर्ट वेगळे घ्यावे लागतात. २०१८ मध्ये किलाउएआच्या लाव्हाने ७०० च्या वर घरं गिळली.

पाचपैकी पाच. मेल फार वाटले तर विमानवाल्या नोटिसांची टिक काढा, निम्मी गर्दी जाते.