विंग्ज फॉर लाइफ वर्ल्ड रनचं ॲप : व्हीलचेअरवाल्यांच्या नजरेतून

मज्जारज्जूच्या दुखापतीवरील संशोधनासाठी 2014 पासून दर मे महिन्यात ही धाव होते. प्रवेश शुल्काचा रुपयान् रुपया संशोधनाला जातो, आयोजनाचा खर्च रेड बुल उचलते. 2024 मध्ये 2 लाख 65 हजारांहून जास्त लोक धावले आणि 81 लाख युरो जमले. मज्जारज्जूच्या दुखापतीने पाय लुळे पडलेल्यांना मज्जारज्जूवर विद्युत उत्तेजन देऊन पुन्हा पावलं टाकायला लावणारं स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं संशोधन 2018 मध्ये गाजलं. त्याच्या पाठीराख्यांतही ही धाव भरवणारी 'विंग्ज फॉर लाइफ' संस्था होती. पैसा कुठे जातो याची काळजी नको.

अंतिम रेषा नाही, हीच यातली गंमत. जगभर एकाच क्षणी, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, सुरुवात होते. अर्ध्या तासाने 'कॅचर कार' ताशी 14 किमी वेगाने निघते, पुढे दर अर्ध्या तासाला वेग वाढवते. ती गाठेल तिथे तुमची धाव संपली. ॲप लावून आपापल्या गावात धावलात तर ही गाडी आभासी असते, कानात आवाज येत राहतो. ताशी 4 किमी वेगाने चाकं ढकललीत तर साधारण 42व्या मिनिटाला, 2.8 किमीवर सापडाल. ताशी 6 किमी जमले तर सव्वापाच किमी. ताशी 8 किमी टिकवलेत तर 9 किमी पार होतात, पण रोजच्या खुर्चीवर हा वेग तासभर टिकवायला खांदे तयार हवेत. स्वीडनच्या आरोन अँडरसनने 2017 मध्ये दुबईत 92.14 किमी काढून जगात पहिला नंबर पटकावला, तोही व्हीलचेअरवरून. रेसिंग खुर्ची आणि हँडबाइक चालत नाहीत, रोजची खुर्चीच हवी. नियम रास्त वाटतो, नाहीतर पैसेवालेच पुढे राहिले असते.

आता अडचणी. सगळ्यात मोठी वेळेची. मे महिन्यात साडेचारला पुण्या-नागपुरात डांबर तापलेलं असतं आणि दुखापतीच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. स्प्रेची बाटली घेऊन मान, चेहरा आणि हात सतत ओले ठेवा. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याहून वर असेल तर निघण्याआधी मूत्राशय आणि लेग बॅग (पायाला बांधलेली लघवीची पिशवी) रिकामी कराच. भरलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला की लगेच थांबा, ताठ बसा, कारण शोधा. उतरलं नाही तर थेट डॉक्टर. याबाबत स्थानिक आयोजकांनी आधीच बजावायला हवं.

फोन मांडीवर किंवा मांडीखाली ठेवू नका. लोकेशन चालू असलेला फोन तापतो, तिथल्या त्वचेला कळत नाही, आणि संध्याकाळी लाल चट्टा दिसतो. छातीवरच्या पट्ट्यात किंवा पाठीमागच्या पिशवीत ठेवा. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी सेटिंग बंद करून लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी द्या, नाहीतर स्क्रीन काळी झाली की अंतर मोजणं थांबू शकतं. उंच इमारतींमध्ये मोजणी भरकटते, मोकळी जागा बघा.

रस्ता निवडताना आडवा उतार आधी बघावा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ते कडेला झुकवलेले असतात, खुर्ची तिकडेच ओढली जाते आणि सरळ चालवताना एकच हात दुप्पट राबतो. मधल्या भागात चालवा किंवा जाऊन-येऊन फेऱ्या मारा, म्हणजे दोन्ही हातांची बरोबरी होते. मरीन ड्राइव्हचा पदपथ सपाट आहे, पण दुपारी सूर्य समोरून येतो आणि धाव रविवारी असल्याने गर्दी असते. स्टेडियममधल्या धावण्याच्या ट्रॅकचा सिंथेटिक पृष्ठभाग मऊ, चाकं जड जातात. पुढची छोटी कॅस्टर चाकं खड्ड्यात अडकली की माणूस पुढे फेकला जातो, म्हणून पट्टा बांधा. टायरमध्ये त्याच्या बाजूवर लिहिलेला दाब भरा, हवा कमी असेल तर सगळी ताकद तिथेच जिरते. हँडरिमसाठी (चाक ढकलायची बाहेरची कडी) हातमोजे हवेत, आणि मधूनमधून पुढे वाकून बुडाचा भार हलका करायला विसरू नका. दाबव्रण (सतत बसून त्वचेवर दाब पडल्याने होणारी जखम) झालेला असेल तर यंदा घरी राहा आणि शुल्काइतकी देणगी द्या.